धुऊन घालवलेला उजेड

पद्माने कुपी माझ्या टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"बघ अक्का. फाटलं."

बघण्यासारखं फार काही नव्हतंच. सकाळी मी तिच्याकडे नितळ नारिंगी पाणी पाठवलं होतं. आता वर रंग गेलेलं पाणी आणि तळाला विटकरी चुरा. दूध नासल्यावर होतं तसं. मी टेबलावरचा जांभळा दिवा लावला आणि कुपी त्याखाली धरली. सकाळी याच दिव्याखाली ती निखाऱ्यासारखी पेटली होती. आता तळाशी नुसती मिणमिण.

"मीठ जास्त पडलं असेल तुमच्याकडे," मी म्हटलं.

"अय्यो, मीठ किती घालायचं ते मी ठरवते का? पेशीला लागतं तेवढंच घालते. कमी घातलं तर पेशी फुगून फुटते. तुझ्या डॉटसाठी मी अळणी पाण्यात जगणारी पेशी कुठून आणू, सांग की!"

पद्मा आमच्या संस्थेच्या बायॉलॉजी बिल्डिंगमध्ये पेशींवर काम करायची. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे बेंगळूरला येऊन राहिले. घरची भाषा मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की माझ्या नागपुरी कानांना सुरुवातीला अर्धं डोक्यावरून जायचं. मी केमिस्ट. आधी पीण्या या बेंगळूरच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका कंपनीत भिंतीचे रंग बनवायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती कायमची नोकरी सोडून हेब्बाळच्या बाजूच्या या संस्थेत आले, तेही एका प्रोजेक्टपुरती. प्रोजेक्ट संपला की मी संपले. घरचे म्हणाले होते, एक पाय तरी तिकडे ठेव. मी दोन्ही काढून घेतले होते.

प्रोजेक्ट होता क्वांटम डॉटचा. क्वांटम डॉट म्हणजे कॅडमियम सेलेनाइड नावाच्या पदार्थाचे अतिशय बारीक स्फटिक. किती बारीक, तर एका पेशीत असे हजारो कण आरामात मावतील. पदार्थ तोच, पण आकार बदलला की उजेडाचा रंग बदलतो. लहान कण हिरवा दिसतो, जरा मोठा झाला की नारिंगी, मग लाल. पेशींचा अभ्यास करणाऱ्यांना या कणांची फार गरज होती. त्यांचे नेहमीचे चमकणारे रंग मायक्रोस्कोपच्या प्रखर दिव्याखाली बघता बघता फिके पडतात. एक प्रथिन पेशीत शिरल्यावर पुढे कुठे जातं हे पद्माला शेवटपर्यंत बघायचं होतं, आणि दर वेळी ते बिचारं अर्ध्या वाटेत विझायचं. क्वांटम डॉट सहसा विझत नाही.

पण हे कण तापलेल्या तेलकट द्रवात तयार होतात आणि तेलकट रेणूंचा सदरा घालूनच बाहेर येतात. पाण्यात ते मिसळायलाच तयार नसतात. पेशी तर पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात जगते. म्हणून त्यांचा तेलकट सदरा उतरवायचा आणि पाण्यात चालेल असा चढवायचा, हे माझं काम. याला सरफेस कोटिंग म्हणतात. पीण्यात मी भिंतींना कोटिंग देत होते, इथे कणांना.

नवा सदरा थायॉल जातीच्या रेणूंचा. त्या रेणूच्या एका टोकाला गंधक असतं, ते कणाला धरतं. दुसऱ्या टोकाला आम्ल असतं, त्याला पाणी आवडतं. पाण्यात या आम्लाच्या टोकांवर ऋण विद्युतभार येतो, त्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि पाणी नितळ राहतं.

फक्त वास येतो. पार्लरमध्ये केस कुरळे करायचं लोशन असतं ना, त्यात याच जातीचा रेणू असतो. त्या लोशनचा वास आठवा आणि त्यात चार नासकी अंडी फोडा, की आमची लॅब झाली. तो वास कपड्यांत बसायचा, केसांत बसायचा. संध्याकाळी बसमध्ये पुढच्या बाजूला, बायकांच्या सीटवर मी टेकले की शेजारची बाई काहीतरी आठवल्यासारखं करून उठायची. खच्चून भरलेल्या बसमध्ये इंदिरानगरपर्यंत मी दोघींच्या सीटवर एकटी, महाराणीसारखी. लाज वाटायची सुरुवातीला. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर दिवसभर उभं राहून काम केल्यावर ती जागा बरीही वाटायची.

वासाची तक्रार बायॉलॉजी बिल्डिंगमधूनही आली. माझ्या पहिल्याच कुपीनंतर त्यांच्या कॉरिडॉरमध्ये कुठेतरी उंदीर मेलाय असं ठरलं आणि माणसं लावून त्यांनी छत उचकटून बघितलं. उंदीर सापडला नाही. माझी कुपी सापडली, आणि ती न वापरताच परत आली. आमचे बॉस डॉ. रंगनाथन यांना हे फार लागलं.

सर मोठे अभ्यासू आणि मनाने सरळ होते, पण त्यांचं सोवळं कडक. लॅबच्या दाराशी चपला काढायच्या. स्वच्छ धुतलेली काचभांडी स्वतः दिव्यासमोर धरून बघायची. 'प्युअर' हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे. त्यांनी लगेच नियम केला, वास पूर्ण जाईपर्यंत धुतल्याशिवाय एकही कुपी लॅबबाहेर जाणार नाही. धुणं म्हणजे कुपीत असा द्रव घालायचा की कण खाली बसतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये ती गरगर फिरवायची, वरचं पाणी फेकायचं, आणि कण पुन्हा स्वच्छ पाण्यात घ्यायचे. मग पुन्हा तेच. नाकाला काही लागेनासं होईपर्यंत तेच.

तर ती फाटलेली कुपी घेऊन मी सरांकडे गेले. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत लिहिते.

"सर, परत गाळ बसला."

"कुठे? आपल्याकडे की त्यांच्याकडे?"

"त्यांच्याकडे."

"मग तो त्यांचा गाळ," सर म्हणाले. "आपल्या लॅबमधून जाताना सॅम्पल क्लिअर होतं. तिथली भांडी कशी असतात मी पाहिली आहेत."

"पण दर वेळी तसंच होतंय, सर."

"विजया, पुढच्या सोमवारी रिव्ह्यू कमिटी येतेय. पेशी चमकली तर प्रोजेक्ट पुढे जाईल. नाही चमकली तर मी सरळ सांगणार, केमिस्ट्री पूर्ण झाली, बायॉलॉजी जमली नाही. सन्मानाने बंद करू."

"आणि मी?"

"तुम्हाला मी उत्तम सर्टिफिकेट देईन."

सर्टिफिकेट! मी बाहेर आले ती धुमसतच. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्याकडे आहे, पण इथे नाचणारे आम्ही आणि अंगण दुसऱ्याचं. आणि पद्मावरही राग होताच. एवढं घासूनपुसून पाठवावं आणि हिने ते नासवून परत आणावं! मला कागद नको होता. मला त्या पेशीत उजेड बघायचा होता, आणि तो बघायच्या आधीच मला दारापर्यंत पोचवायची तयारी चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी फ्यूम हूड आवरायला काढलं. फ्यूम हूड म्हणजे वास बाहेर ओढून घेणारं काचेचं कपाट. राग आला की मी भांडी घासते, घरीही आणि लॅबमध्येही. मागच्या कोपऱ्यात एक चंबू निघाला. पद्माकडे गेलेला माल आणि हा माल एकाच घाण्यातला. कुपीत मावला नाही म्हणून उरलेला मी न धुता तिथेच सारला होता आणि विसरले होते. बूच काढलं आणि डोळ्यांत पाणी आलं, इतका वास.

पण पाणी नितळ होतं.

पद्माकडचं खारं पाणी माझ्याकडे ठेवलेलं होतं. थोडा माल काढून त्यात घातला. काही झालं नाही. कॉफी पिऊन आले. तरी काही नाही. जांभळा दिवा लावला तर असा पेटला की मी एकटीच मोठ्याने हसले. एकाच घाण्यातले दोन भाग, मीठ दोन्हींत तेवढंच. धुतलेला नासला आणि न धुतलेला टिकला. फरक फक्त वासाचा.

आता हे रंगवाल्याला कळायला वेळ लागत नाही. पाण्याच्या रंगात रंगाचे कण तरंगत राहतात ते साबणासारख्या रेणूंमुळे. ते रेणू काही खिळे ठोकून बसवलेले नसतात. येतात, बसतात, उठून जातात. पाण्यात जादा रेणू असले की एक उठतो आणि दुसरा त्याच्या जागी बसतो. जादा काढून टाकले तर उठलेल्याची जागा रिकामीच राहते. कण उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात, आणि डब्याच्या तळाशी दगड होतो. मिठाने तर हे आणखी लवकर होतं, कारण मीठ त्या विद्युतभाराचा जोर मारून टाकतं. म्हणून रंगात थोडा साबण जादाच ठेवतात. इथे मी रंगाचं उदाहरण काढलं की सर म्हणायचे, "विजया, हे पेंट नाही." मग मी ती उदाहरणं पोटात ठेवायला शिकले होते. त्या दिवशी ती सगळी बाहेर आली.

मी दोन कुप्या घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर दोन्हींत खारं पाणी घातलं. सरांची, प्युअर, बिनवासाची कुपी आमच्या डोळ्यांदेखत गढूळ झाली. दुसरी होती तशी राहिली.

"ही कोणती?" सरांनी दुसऱ्या कुपीकडे बोट दाखवलं.

"वास घेऊन बघा, सर."

त्यांनी घेतला. उठले आणि खिडकी उघडली. मला वाटलं, आता पीण्याला परत.

"म्हणजे आपण सॅम्पल धूत नव्हतो," ते हळूच म्हणाले. "आपण कोटिंग धूत होतो."

"हो सर. त्यांची भांडी बरी आहेत."

सर हसले नाहीत, पण फोन उचलून त्यांनी स्वतः पद्माला बोलावलं आणि माझ्यासमोर तिला सॉरी म्हणाले. मोठा माणूस, मान्य केलंच पाहिजे. मला वाटलं जिंकलो.

कसलं जिंकलो! वासाची कुपी घेऊन पद्मा गेली आणि दुपारी तोंड पाडून परत आली. "अक्का, तुझे डॉट बरे आहेत. माझ्या पेशी मेल्या." जादा थायॉलने पेशी आकसून गेल्या होत्या. आगीतून फुफाट्यात. धुवावं तर डॉट मरतात, न धुवावं तर पेशी.

आम्ही कँटीनमध्ये बसलो. समोर कॉफीचे स्टीलचे पेले, काठोकाठ भरलेले आणि चटका बसेल इतके गरम. मी एका हाताने पेला उचलला, बोटं भाजली आणि कॉफी पेल्याखालच्या वाटीत सांडली. पद्माने तिचा पेला दोन्ही हातांच्या बोटांनी काठाला धरून शांतपणे उचलला. एक बोट भाजलं की सैल सोडायची, तोवर बाकीच्यांनी पेला धरलेलाच.

"पद्मा," मी म्हटलं, "आपल्या रेणूला एकच हात आहे. एक गंधक. सुटला की गेला. दोन गंधकवाला रेणू पाहिजे. एक सुटला तरी दुसरा धरून ठेवेल, तोवर पहिला परत येईल. मग कितीही धुवा."

"दोन गंधक, आणि दुसऱ्या टोकाला आम्ल?"

"हो. कुठे मिळतो का ते बघायला हवं. परदेशातून मागवला तर सोमवार निघून जाईल."

पद्माने पेला खाली ठेवला. "लिपोइक ॲसिड."

"ते काय?"

"अय्यो अक्का, पेशीत असतं ते! तुझ्यात आहे, माझ्यात आहे. आमच्या फ्रिजमध्ये बाटली पडलीय कधीची. पेशीला ओळखीचं आहे, म्हणजे ती उगाच मरायची नाही."

मी तिच्याकडून कागदावर त्याचं चित्र काढून घेतलं. दोन गंधक होते खरे, पण एकमेकांचे हात घट्ट धरून बसलेले. जे हात एकमेकांत गुंतलेत ते कणाला काय धरणार?

"हे आधी सोडवावे लागतील."

"मग सोडव की. केमिस्ट तू आहेस."

ते मात्र मला येत होतं. संध्याकाळी सरांना सांगितलं. त्यांनी चित्र बघितलं, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, "धुता येईल?"

"वाट्टेल तेवढं, सर."

"मग करा. आयतु," असं कन्नडमधलं 'ठीक आहे' तोंडातून निघालं आणि ते स्वतःच दचकले. तमिळ माणूस, बेंगळूरने त्यांनाही स्वल्प बिघडवलं होतंच.

पुढचे दिवस मी माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त आनंदाने राबले. गंधकाचे हात सोडवले. जुन्या तेलकट सदऱ्यातले कण या नव्या रेणूबरोबर मंद आचेवर ठेवले. मग पाण्यात घेतले. सगळे खाली बसले. पद्मा शेजारी उभी होती, तिने माझा दंड धरला. सर पाठीमागे.

"पाणी आंबट आहे का?" सरांनी विचारलं.

होतं. आम्लाच्या टोकावर भार येण्यासाठी पाणी थोडं अल्कलीच्या बाजूला झुकलेलं लागतं, आणि घाईत मी ते बघितलंच नव्हतं. अल्कलीचा एक थेंब सोडला. आणखी एक. तळचा चुरा वर उठला, धुरासारखा पसरला आणि नाहीसा झाला. पाणी नितळ नारिंगी. मी मीठ घातलं. नितळ. सरांनी स्वतःच्या हाताने ते धुतलं. एकदा, दोनदा, मन भरेपर्यंत. मग पुन्हा मीठ. तरीही नितळ. सर ती कुपी दिव्यासमोर धरून, तोंडाने काहीतरी पुटपुटत, लहान मुलासारखे इकडून तिकडे फिरवत राहिले. उजेड पहिल्यापेक्षा थोडा मंद झाला होता, खोटं कशाला सांगू. पण तो टिकत होता. आणि पद्माच्या पेशी त्यात दुसऱ्या दिवशीही धडधाकट होत्या.

सोमवारी कमिटी आली. तिचे अध्यक्ष एक वयस्कर भौतिकशास्त्रज्ञ, नाकाने कांदे सोलणारे. बायॉलॉजी बिल्डिंगच्या अंधाऱ्या खोलीत शिरताच म्हणाले, "चमकणाऱ्या गोष्टी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मी आलो की त्या विझतात."

पद्माने दोन मायक्रोस्कोप लावून ठेवले होते. दोन्हींखाली एकाच जातीच्या पेशी. एकीत तिचा नेहमीचा रंग, दुसरीत आमचे डॉट. डॉटवर तिने असं एक प्रथिन चिकटवलं होतं जे पेशी आवडीने गिळते. अध्यक्षांनी दोन्हींत डोकावून बघितलं. "दोन्ही सारखेच दिसतात," ते म्हणाले. "बरं, कॉफी कुठे आहे?"

सरांचा चेहरा पडला. पद्मा मात्र गोड हसली. "सावकाश घ्या सर. वडे पण आहेत." आणि ते सगळे बाहेर पडल्यावर तिने दोन्ही दिवे तसेच चालू ठेवले. एरवी कॉफीला जाताना दिवा चालू ठेवला म्हणून तिने कुणाचीही हजेरी घेतली असती.

"पद्मा, अगं, विझले तर?"

"तुझ्या रेणूला दोन हात आहेत ना, अक्का? मग गप बस की."

अध्यक्ष वडे खाऊन, रुमालाला हात पुसत परत आले. पहिल्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. "इथे काहीच नाही. दिवा बंद आहे का?"

"चालू आहे सर. रंग विझला."

मग त्यांनी दुसऱ्याला डोळा लावला. पेशीच्या काठावर मघाशी दिसलेले नारिंगी ठिपके आता आत, मध्यभागाकडे सरकत होते. पद्माला आजवर जी अर्धी वाट दिसली नव्हती, ती हीच. अध्यक्ष खुर्ची ओढून बसले. उठेचनात. मागे बाकीचे सभासद रांगेत उभे, एकाने तर त्यांच्या खांद्याला हात लावला, तरी उठेनात. मी अंधारात भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू येत होतं. येऊ दिलं.

शेवटी त्यांनी मान वर केली. "हे कोटिंग कोणी केलं?"

"मिसेस देशकरांनी," सर माझ्याकडे हात करत म्हणाले. मग जरा थांबून, मान ताठ करून, "त्या पेंटमधल्या आहेत."

प्रोजेक्टला मुदतवाढ मिळाली आणि माझ्या नेमणुकीलाही. सर्टिफिकेट सरांनी दिलंच नाही, मीही मागितलं नाही. लॅबचा नियम तेवढा बदलला. धुवायचं तर धुवा, पण धुतल्यावर मीठ घालून बघितल्याशिवाय कुपी बाहेर जाणार नाही. पुढे मी निवृत्त होईपर्यंत अनेकांना एवढंच शिकवलं. घाण म्हणून काही फेकण्याआधी बघा, काम त्याच्याच जिवावर चाललेलं नाही ना.

त्या सोमवारी संध्याकाळी मी नेहमीची बस पकडली. आठवडाभर नव्या रेणूवरच काम केलं होतं, आणि त्याला म्हणण्यासारखा वास नव्हता. पुढच्या सीट भरलेल्या होत्या. मी एका सीटशी जाऊन उभी राहिले, सवयीने. बसलेल्या दोन बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या गप्पा चालू ठेवल्या. कोणी उठलं नाही. कंडक्टर ओरडला, "स्वल्प मुंदे होगी!" म्हणजे जरा पुढे सरका, आणि गर्दीने मला आणखी आत ढकललं. इंदिरानगरपर्यंत मी दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होते. पाय दुखत होते. त्याआधी आणि त्यानंतरही, उभं राहून केलेला दुसरा कुठलाच प्रवास मला इतका आवडला नाही.